मालुबाईच्या विहिरीचं पान

त्या रविवारी खोलीत तेवीस खुर्च्या होत्या आणि माणसं सतरा. लॅपटॉप अकरा, त्यांतल्या चारांची बॅटरी संपत आलेली, आणि भिंतीवर वीज येणारं सॉकेट एकच, तेही प्रोजेक्टरनं अडवलेलं. सतरांपैकी ब्लॉग लिहिणारे नऊ, वेबसाइट बांधणारे पाच, तीन नुसते बघायला आलेले. ब्लॉगवाल्यांत मराठीत लिहिणारे सहा, कन्नडमध्ये दोन, इंग्रजीत एक. नेहमी येणाऱ्यांपैकी एकटा रविराज आला नव्हता.

आमचा वेब कट्टा महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी भरतो. खडेबाजारातल्या एका कापडदुकानावरची ही खोली शरद सरांची. सर गणित शिकवून निवृत्त झाले, आता इथं शिकवणी घेतात आणि रविवारी खोली आम्हाला देतात. कट्टा चालवतो मी आणि सुहास. सुहास दुकानांच्या वेबसाइट बनवतो, त्यावरच त्याचं घर चालतं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते.

माझी साइट बेळगावातल्या विहिरींची आहे. एप्रिल-मेमध्ये मी घरोघर फिरून चौसष्ट विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजलं होतं. सांडपाणी किंवा खत जमिनीत मुरून विहिरीत उतरलं की ते वाढतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्यापुढं चालत नाही, आणि पाणी उकळूनही ते जात नाही. प्रत्येक विहिरीला साइटवर एक पान आहे. पानावर विहीर कुणाची, कुठली, आणि आकडा. आकडा पंचेचाळीसच्या आत असला तर वरची पट्टी हिरवी दिसते, पुढं गेला की आपोआप लाल.

सुहास प्रोजेक्टरची वायर हलवत होता तेव्हा दार उघडलं. रविराज चपला न काढता आत आला. आमच्याकडं चपला जिन्यातच काढायची पद्धत आहे, आणि ती त्यानंच सुरू केली होती.

"ओवी, हे काय लावलंयस?" त्यानं फोन माझ्यासमोर धरला.

माझ्याच साइटचा फोटो होता. मालुबाई यांची विहीर, खासबाग. पट्टी लाल. नायट्रेट १३१.

मालुबाई ही रविराजची मावशी. खासबागेत तिची खानावळ आहे, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. मागच्या अंगणात विहीर, आणि सगळा स्वयंपाक त्या पाण्यावर. रविराज पाचवीपासून तिच्याकडं राहिला. आता छापखान्यात डिझाइनचं काम करतो आणि संध्याकाळी तिचे डबे पोचवतो.

"हा आकडा माझा नाही," मी म्हणाले. "मी एकतीस लिहिलं होतं. मला आठवतंय."

"तुला आठवतंय. खासबागेतल्या लोकांच्या फोनवर हे फिरतंय. चार दिवस झाले. रोज चाळीस पानं जेवून उठायची, काल नऊ उठली. मावशी सगळ्यांना विचारतीया, आमटी बिघडली काय म्हणून. तिला कुणी सांगंना, आणि मला आज कळलं."

"स्वल्प तडी, रविराज," राघवेंद्र म्हणाला. म्हणजे जरा थांब. तो कन्नडमध्ये खाण्यापिण्याचा ब्लॉग लिहितो आणि भांडण दिसलं की पहिल्यांदा हेच म्हणतो. "बस आधी. पाणी घे."

"पाणीच नको म्हणालेत लोक," रविराज म्हणाला. तो बसला नाही. "हॉस्टेलवाल्याचा फोन आलता. तीस डबे जातात तिथं. उद्या सकाळपर्यंत पाणी बरं आहे म्हणून दाखवा, न्हायतर डबे बंद. ते डबे गेले तर खानावळ चालत न्हाय, एवढं सोपं आहे."

सुहासनं माझी साइट भिंतीवर उघडली. मालुबाईंचं पान दोन फुटांच्या अक्षरांत दिसलं. १३१ आणि लाल पट्टी. मला वाटलं होतं की फोनवरचा फोटो कुणीतरी बनवलेला असेल. तो बनवलेला नव्हता.

"शेजारचं उघड," मी म्हणाले. मला इतर पानं ताडून बघायची होती.

शेजारचं पान शहापुरातल्या एका विहिरीचं होतं. तिथं पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, "नीला इथं येऊन गेली."

मागच्या रांगेत नीला हसली, आणि मग तिचं हसू मध्येच थांबलं. नीला बँकेत आहे आणि सहलींवर लिहिते. "हे मी मागच्या महिन्यात लिहिलेलं," ती म्हणाली. "शिकताना. पण ते तर खोट्या साइटवर होतं ना?"

सुहासनं माऊसवरचा हात काढला.

साइटवर काही मोठा बदल करायचा असेल तर आम्ही आधी तिची प्रत काढतो. प्रतीवर हवी ती मोडतोड करायची, जमलं की प्रत खऱ्या साइटच्या जागी चढवायची. मागच्या कट्ट्यावर पान कसं बदलायचं हे शिकवण्यासाठी मी माझ्या साइटची प्रत दिली होती. ज्याला जी विहीर ठाऊक आहे तिचं पान त्यानं घ्यायचं आणि त्यात काहीही बदलून बघायचं, असा तो सराव होता. नंतर साइट हळू उघडते म्हणून मीच सुहासला ती नीट करायला सांगितली. त्यानं त्याच प्रतीवर दुरुस्ती केली, आणि झाल्यावर प्रत चढवली. सगळ्यांच्या सरावासकट.

"मी फक्त स्पीड बघितला," सुहास म्हणाला. "आतलं बघितलंच न्हाय."

"मीही बघितलं नाही," मी म्हणाले. मला मोजणीच्या दुसऱ्या फेरीच्या तयारीत पंधरवडाभर साइट उघडायला वेळ मिळाला नव्हता. तसं म्हणून काही उपयोग नव्हता, म्हणून म्हटलं नाही.

"मग हे एकशे एकतीस घातलं कुणी?" नीलानं विचारलं.

विचारून झाल्यावर तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिनं मान खाली घातली. ज्याला जी विहीर ठाऊक.

रविराज भिंतीकडं बघत होता. "मी," तो म्हणाला. "एकतीसच्या आधी एक घातलो. लाल होतंय काय बघत होतो." मग तो खुर्चीवर बसला आणि त्यानं वाकून चपला काढल्या.

राघवेंद्रनं पाण्याची बाटली त्याच्याकडं सरकवली, ती त्यानं घेतली नाही.

सुहास सगळ्यात आधी सावरला. "बरं झालं, कारण तरी कळलं. आता मी एकतीस करतो, वर दुरुस्तीची ओळ टाकतो, आणि हॉस्टेलवाल्याला लिंक पाठवू. दहा मिनिटांचं काम."

"एकतीस हा एप्रिलचा आकडा आहे," मी म्हणाले.

"मग?"

"मध्ये अख्खा पावसाळा गेला. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना वरचं सगळं खाली नेतं. आकडा कमी झाला असेल, वाढला असेल, तेवढाच असेल. एकतीस हा आकडा एप्रिलच्या तारखेनं लिहिता येतो. हॉस्टेलवाला विचारतोय आजचं."

"ओवी, आत्ता कॉलेज काढू नकोस," सुहास म्हणाला. "माणसाची खानावळ बुडायला आलीय. तुझाच आकडा तुला चालत न्हाय?"

शरद सर इतका वेळ खिडकीपाशी उभे होते. ते म्हणाले, "ओवी, तुला त्या पाण्याची शंका आहे का?"

"शंका नाही, सर. माहिती नाही."

"चला मग, आत्ता मोजू," रविराज उठत म्हणाला. "सगळ्यांनी या. नुसती दुरुस्तीची ओळ टाकून लोक ऐकणार न्हाईत. म्हणतील मावशीचा पोरगा त्यांच्यातलाच, सांगून बदलून घेतला. सगळ्यांच्या समोर मोजायचं आणि तिथंच साइटवर टाकायचं. पासवर्ड दे, मी टाकतो."

"काय आलं तरी?" मी विचारलं.

"एकतीसचं काय चाळीस होईल फार तर. त्या विहिरीवर मी वाढलोय."

"रविराज, काय आलं तरी?"

"व्हय. काय आलं तरी."

नायट्रेट मोजायचं यंत्र टिळकवाडीत माझ्या घरी होतं. ते घेऊन मी खासबागेत पोचले तेव्हा आठ जण माझ्या आधी येऊन अंगणात उभे होते. रविवारच्या बाजाराची गर्दी गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. खानावळीत जेवायची वेळ झालेली, पण बाकांवर दोनच माणसं बसली होती.

मालुबाई विहिरीच्या कट्ट्यावर हात ठेवून उभ्या होत्या. तोवर त्यांना सगळं कळलं होतं, एक गोष्ट सोडून.

"तूच काय गं ती आकडेवाली?" त्या मला म्हणाल्या. "उन्हाळ्यात आलतीस. भाकरी खाऊन गेलीस. बरी लागली म्हणालीस."

"बरी होतीच, मावशी."

"मग लाल कशापायी केलीस?"

मी उत्तर द्यायच्या आत रविराज म्हणाला, "तिनं न्हाय. तो आकडा मीच घातलो, मावशी. शिकताना. चुकून वर गेला."

मालुबाईंनी त्याच्याकडं बघितलं. दोन्ही गिऱ्हाइकं जेवायची थांबली. "तू घातलास," त्या म्हणाल्या. "जेवाय कमी पडत होतं काय रं तुला?" एवढंच बोलून त्या आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

मी पोहरा सोडला. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसऱ्या पाण्यानं बाटली विसळली, असं तीनदा, आणि मग नमुना भरला. नीला अगदी शेजारी उभी होती. "राग मानू नकोस," ती म्हणाली, "पण तुझं यंत्र बरोबर सांगतं कशावरनं? साइट बरोबर आहे असंबी आपण समजत होतो."

प्रश्न योग्य होता. मी पेटीतली छोटी बाटली काढली. त्यात प्रयोगशाळेत तयार केलेलं पाणी होतं, लिटरमागे बरोबर चाळीस मिलिग्रॅम नायट्रेट घातलेलं. बाटलीवरची चिठ्ठी मी नीलाला वाचायला दिली आणि ते पाणी आधी मोजायला घेतलं. काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी घ्यायचं, रसायनाची पुडी टाकायची, मिनिटभर हलवायचं, मग पाच मिनिटं ठेवून द्यायचं. नायट्रेट असेल तर पाणी पिवळं होत जातं. किती पिवळं हे यंत्र बघतं.

यंत्रानं एक्केचाळीस दाखवलं. नीलानं दोनदा वाचलं. "एकाचा फरक."

"एक-दोनचा असतोच. म्हणून विहिरीचं तीनदा मोजणार."

मी विहिरीचं पाणी तीन नळ्यांत घेतलं, तीन पुड्या टाकल्या. तीन जणांनी नळ्या हलवल्या: नीला, राघवेंद्र आणि रविराज. हलवून झाल्यावर त्या कट्ट्यावर ओळीनं उभ्या केल्या आणि थांबलो.

तेवढ्यात मालुबाई चहा घेऊन आल्या. मोठ्या ताटात पेले, आलं घातलेला वाफाळता चहा. "घ्या," त्या म्हणाल्या. "याच पाण्याचा हाय. उकळलाय चांगला."

माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. उकळून ते जात नाही, हे कट्ट्यावरच्या सगळ्यांना माझ्याकडूनच ठाऊक होतं. मला हेही ठाऊक होतं की एक पेला चहानं मोठ्या माणसाला काही होत नाही. पण यातलं काहीही त्या ताटासमोर उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. मी पेला घेतला आणि प्यायले. शरद सरांनी घेतला. राघवेंद्रनं घेतला आणि फुंकर घालत राहिला. सुहास म्हणाला, "मला ॲसिडिटी हाय, मावशी."

"तुला मागच्या महिन्यात न्हवती," मालुबाई म्हणाल्या. "दोन पेले घेतलास."

सुहासनं पेला उचलला.

रविराज नळ्यांपाशी उकिडवा बसला होता. मधली नळी पिवळसर झाली होती, मग तिन्ही झाल्या. लिंबाच्या सरबतासारखा फिका रंग, आणि तो तिथं थांबला नाही.

"मघाच्या पाण्याचा रंग असाच होता?" त्यानं विचारलं.

"डोळ्यानं सांगता येत नाही."

"मला सांगता येतंय," तो म्हणाला. "मी दिवसभर रंगच बघतो. हा जास्त आहे."

मलाही तसंच वाटत होतं, पण वाटणं हे वाचन नव्हे.

सुहासनं मला कोपराला धरून भिंतीकडं नेलं. "ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "वर आला आकडा, तर आत्ता सगळ्यांसमोर बोलू नकोस. यंत्र तापलंय म्हण, उद्या परत बघू म्हण. हॉस्टेलचं तेवढं निभावू दे. नंतर मावशीला सावकाश सांगू, फिल्टर बसवू. कट्टा वर्गणी काढेल. आधीच एक चूक आपण करून बसलोय."

त्याचं म्हणणं क्रूर नव्हतं. मी त्यावर विचार केला, आणि मला त्यात एकच गोष्ट अडली. "उद्या तीस पोरं त्या पाण्याची आमटी खाणार," मी म्हणाले, "आणि आकडा मला ठाऊक असणार."

"आणि खानावळ गेली तर?"

पाच मिनिटं झाली होती.

मी पुडी न टाकलेल्या विहिरीच्या पाण्याची नळी घालून यंत्र शून्यावर आणलं. अंगणात सगळे जवळ सरकले. बाकावरची दोन्ही गिऱ्हाइकंही उठून दारात आली, एकाचा हात अजून खरकटा. मी पहिली नळी पुसली, आत ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं आणि यंत्र रविराजच्या हातात दिलं.

त्यानं वाचलं. मग त्यानं ते नीलाकडं दिलं. नीलानं वाचलं आणि शरद सरांकडं दिलं.

"काय आलं रं?" मालुबाईंनी विचारलं.

"अजून दोन हाईत, मावशी," रविराज म्हणाला.

दुसरी नळी. बटण. यंत्र पुन्हा त्याच क्रमानं फिरलं. रविराजनं खिशातून फोन काढला, साइट उघडली, मी दिलेला पासवर्ड घातला. त्याचा अंगठा दोनदा चुकला. मालुबाईंच्या विहिरीचं पान आलं, तसं त्यानं जुना आकडा पुसला आणि आजची तारीख घातली. आकड्याची जागा रिकामी ठेवली.

"रविराज," सुहास म्हणाला.

"मी तिला खोलीत शब्द दिलाय," तो मान वर न करता म्हणाला. मग उठून तो मालुबाईंपाशी गेला, त्यांच्या हातातलं रिकामं ताट त्यानं काढून घेतलं आणि त्यांना कट्ट्यावर बसवलं. स्वतः शेजारी बसला. फोन त्यानं दोघांच्या मध्ये धरला, त्यांनाही दिसेल असा. "तिसरी घे, ओवी."

मी तिसरी नळी पुसली. काचेवर माझ्या बोटाचा ठसा राहिला होता म्हणून परत पुसली. आत ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं.

या वेळी मी यंत्र कुणाकडं दिलं नाही. तिन्ही वाचनं मीच मोठ्यानं सांगितली, आणि रविराजनं ती एकेक करून पानावर टाकली: बावन्न, एक्कावन्न, बावन्न. सरासरी ५१.७ मिलिग्रॅम प्रति लिटर. पानावरची पट्टी पुन्हा लाल झाली.